आमची आजी आणि आबाजीचे धोतर



मागच्या आठवड्यात आमच्या धाकट्या कन्येला शाळेत 'माझी आजी' या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. तिने तिच्या आजीवर, म्हणजे आमच्या मातोश्रींवर, दहा ओळी लिहिल्या आणि वही मिटता मिटता विचारले, "बाबा, तुमची आजी कशी होती?" आम्ही सांगायला बसलो ते रात्रीचे साडेदहा वाजले. शेवटी आतून आमच्या आयुष्मती म्हणाल्या, "तिला सकाळी शाळा आहे. बाकीचं पेपरात लिहा." तेव्हा आजचा मजकूर त्यांच्या आज्ञेवरून आहे. काही कमीजास्त झाल्यास जाब त्यांनाच विचारावा.

आमची आजी २०१४ साली कालकथित झाली. महागावात आमच्या वस्तीत तिला कोणी नावाने हाक मारल्याचे आम्ही ऐकले नाही. बाया 'बाई' म्हणत, पोट्टे 'बुढी' म्हणत आणि पाठीमागे सगळेच 'ठाणेदारीण' म्हणत. उंची पाच फूट नाही. आवाज मात्र असा, की नांदेड-नागपूर रस्त्यावरून भोंगा वाजवत जाणारा ट्रकवाला मान काढून बघायचा. आम्ही विटीदांडू खेळत कितीही दूर गेलो तरी तिची हाक तेथे पोचायची. नुसती हाक नाही, तर हाकेबरोबर आमचा गणितातला मार्कही सगळ्या गावाला कळायचा.

तिच्या डाव्या हातातल्या एका बांगडीला नेहमी एक सेफ्टी पिन अडकवलेली असे. या पिनेने तिने वस्तीतल्या निम्म्या पोरांच्या पायातले बाभळीचे काटे काढले. पद्धत ठरलेली. पाय मांडीवर घ्यायचा आणि पाठीत एक सणसणीत धपाटा घालायचा. पोरगे पाठ चोळत बोंबलेपर्यंत काटा बाहेर! "ध्यान तिकडं गेलं की काटा इकडून निंगते," असे तिचे शास्त्र होते. पिन मात्र ती कोणाला हातात द्यायची नाही. एकदा आम्ही शर्टाचे बटण तुटले म्हणून मागितली, तर म्हणाली, "उघडा जा, पण पिन मागू नको."

बांगड्यांवरून आठवले. १९९१ साली आमचे आबाजी वारले. बाया जमल्या, रडारड झाली आणि नात्यातल्या एका म्हातारीने जुन्या रीतीप्रमाणे बांगड्या फोडायला आजीचा हात धरला. आजी रडता रडता थांबली. हात सोडवून घेतला आणि म्हणाली, "काहून? बांगड्या माह्या बापानं भरल्या होत्या. यानं तर एक डझन कधी आणल्या नाईत." आणि पुन्हा रडायला लागली. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. आम्हाला हसू आले आणि कोणाचा तरी चिमटा बसला, एवढे आठवते.

तिचे वय हा आमच्या घरातला कधीही न सुटलेला हिशेब. तिची दिनदर्शिका एकच, दीक्षेचे साल. लग्न दीक्षेच्या आदल्या साली. आमचे बाबा दीक्षेच्या पुढच्या साली. म्हैस कधी घेतली? दीक्षेपासून धरून सातव्या साली. कागदावर मात्र कशाचाच पत्ता नाही. एका सरकारी यादीत तर तिचे वय असे काही लागले, की हिशेबाने ती आमच्या बाबांपेक्षा नऊ वर्षांनी मोठी निघाली! दुरुस्तीचा अर्ज आम्हीच सुवाच्य अक्षरात लिहिला, शेवटी आम्ही कारकून माणूस. समोरच्या साहेबांनी विचारले, "पुरावा काय?" आजीने बाबांचा दंड धरून त्यांना पुढे केले. "हा काय, पुरावा उभा हाय तुमच्यासमोर. नऊ वर्साची बाई असं पोरगं आणू शकते का, तुमीच सांगा." साहेब लाजले. दुरुस्ती झाली नाही ती नाहीच.

पण एका मोठ्या हिशेबात ती बरोबर बसली आहे. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या मुलखात बौद्धांची नोंद अडीच हजारांच्या आत होती. १९६१ च्या जनगणनेत ती २७ लाख ८९ हजार झाली. त्या २७ लाखांत एक आकडा आमच्या आजीचा.

हिशेबात ती आमच्यापेक्षा पक्की होती, हे येथे कबूल केलेले बरे. दुधाचा हिशेब ती चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने मांडी. लिटरला उभी रेघ, अर्ध्याला आडवी आणि दूध पातळ आले त्या दिवशी तिरपी. तिरप्या रेघेचे पैसे तिने उभ्या जन्मात पूर्ण दिले नाहीत. आम्ही बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना अंगात फार विद्या शिरलेली होती. "याला काय हिशेब म्हणतात?" असे म्हणून आम्ही वही घातली, लाल शाईने रकाने आखले. महिनाअखेर आमच्या वहीत सव्वीस लिटर, तिच्या भिंतीवर चोवीस. दूधवाल्याने आपली चोपडी काढली. चोवीस! आम्ही दोन दिवस पुसदला मित्राच्या मंगल परिणयाला गेलो होतो आणि त्या दिवसांचे दूध अंदाजाने लिहून टाकले होते. त्या दोन दिवशी दूधवाला आलाच नव्हता. आजी काही बोलली नाही. फक्त भिंतीकडे बघून हसली. आज आम्ही नोकरीत दिवसभर लेजर लिहितो. एखादी नोंद संशयाची वाटली, की पेन्सिलीने हळूच तिरपी रेघ मारतो.

विहारात तिची जागा खिडकीजवळ. वंदनेला ती डोळे मिटून बसे, पण पाचवे शील आले, मद्यापासून दूर राहण्याचे, की डोळे उघडायचे आणि मान पूर्ण मागे वळायची. पुरुषांच्या रांगेत ठराविक तीन-चार जणांवर नजर फिरे आणि शील संपले की मान परत जागेवर. ते कोण, हे येथे लिहिणे बरे नव्हे. त्यातले दोघे या साप्ताहिकाचे वर्गणीदार आहेत.

पहिले शीलही ती पाळत असे, मात्र आपल्या पद्धतीने. घरात विंचू निघाला की चिमट्यात धरायची आणि कुंपणापलीकडे टाकायची. कुंपणापलीकडचे घर म्हणजे जिच्याशी तिचे वीस वर्षे नळावरून वाकडे, तिचे. आम्ही बोललो तर म्हणे, "मारला का म्या? सोडला."

वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन करायचे काम आमच्याकडे असे. बाया काम आटोपून यायच्या, मिणमिणता बल्ब, बाहेर पाऊस. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात भांडण झाले, सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि त्यापायी गृहत्याग केला, हा भाग आम्ही मोठ्या तन्मयतेने वाचत होतो. मध्येच आजीचा आवाज आला. "मंग पाणी कोणाले भेटलं?"

आम्ही म्हणालो, "आजी, मुद्दा तो नाही. मुद्दा शांतीचा आहे."

"मुद्दा पाण्याचाच हाय," आजी म्हणाली. "तू कधी घागर घेऊन बसला का?"

मग तिने सांगितले. ती लहान असताना माहेरी विहिरीपासून हातभर दूर घागर ठेवून बसावे लागे. वरच्या आळीतली एखादी बाई येईल, तिच्या मनात आले तर वरून ओतेल. उन्हाळ्यात सकाळी गेलेली पोर दुपारी परते. बाबासाहेब महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले ते २० मार्च १९२७ रोजी. आजीचा जन्म त्याच्या बऱ्याच नंतरचा; म्हणजे ते पाणी तिच्या माहेरच्या विहिरीपर्यंत पोचायचेच होते. त्या रात्री पुढे वाचन झाले नाही. प्रत्येकीला आपापली विहीर आठवली.

आता धोतराची गोष्ट. ती आम्ही लहानपणी शंभरदा ऐकली असेल, पण नेहमी अर्धवट. का, ते पुढे येईलच.

१९५६ साली दसऱ्याला नागपूरला जायचे ठरले तेव्हा आजीचे लग्न होऊन वर्ष झाले होते. वय सोळा-सतरा. दीक्षेला पांढरी वस्त्रे घालून यायचे, असा निरोप गावोगाव पोचला होता. तेथेच घोडे अडले. आमची पणजी उंबरठ्यावर आडवी बसली. पांढरे लुगडे म्हणजे विधवेचे. नवी सून, घरधनी धडधाकट, आणि ही पांढरे नेसणार? "माह्या पोराच्या जीवावर उठली का?" असा तिचा प्रश्न. आबाजींनी समजावले, वस्तीतल्या शहाण्या माणसांनी समजावले. शेवटी आबाजी म्हणाले, "माय, मी मेलो तर मी पाहून घेईन." यावर पणजीला काही सुचेना आणि ती उठली.

पण पांढरे लुगडे आणायचे कोठून? आधीच पैसा नाही. चार घरी विचारले तर ज्याच्याकडे जे पांढरे होते ते त्याच्या अंगावर जाणार होते. मग आबाजींनी आपले एकुलते एक धुतलेले धोतर आजीला दिले. स्वतः एका मास्तरांचा पायजमा मागून आणला. मास्तर होते बुटके आणि आबाजी म्हणजे ताडमाड. पायजमा पोटरीच्याही वर. "तुया आबाजी बगळ्यावाणी दिसे," असे आजी सांगे आणि तोंडाला पदर लावी.

इकडे आजीची वेगळीच तऱ्हा. जन्मभर नऊवारी काष्ट्याची सवय. धोतर त्यापेक्षा किती तरी आखूड! काष्टा घालावा तर पदराला उरेना आणि पदर घ्यावा तर काष्टा होईना. शेवटी शहरातल्या बायकांसारखे गोल नेसली, कमरेला निऱ्या खोचल्या आणि निघाली. बैलगाडीने आर्णी, तेथून मोटारीने यवतमाळ, पुढे धामणगाव आणि धामणगावहून आगगाडी. दोनशेवर किलोमीटरच्या त्या प्रवासात तिचा एक हात कमरेवरच होता. आगगाडी तिने पहिल्यांदा पाहिली. कशी वाटली, असे आम्ही विचारायचो. "पाहिली कोण? मी निऱ्या पाहून राह्यली होती."

१४ ऑक्टोबर १९५६, रविवार. व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळचे ते मैदान. आज तेथे दीक्षाभूमीचा भव्य स्तूप आहे. त्याचे उद्घाटन १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झाले. तेव्हा मात्र मोकळे रान आणि लाखो माणसे. कुशीनाराचे वयोवृद्ध भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी आणि माईसाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. नंतर बाबासाहेबांनी लोकांना उभे राहायला सांगितले आणि स्वतः त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. हा सगळा इतिहास आपण दरवर्षी वाचतो. आजीचा इतिहास असा, की लोक उठले तशी तीही उठली आणि उठताना कोणाचा तरी पाय धोतराच्या काठावर पडला. निऱ्या सुटल्या! सगळे मैदान दोन्ही हात जोडून उभे आणि आमची आजी एका हाताने धोतर गच्च धरून दुसरा हात नाकासमोर उभा करून बाबासाहेबांच्या मागे प्रतिज्ञा म्हणत आहे. "म्या एका हातानं दीक्षा घेतली बापा!" येथे आम्ही पोरे लोळून हसायचो. हसता हसता कोणाला तरी भूक लागायची, कोणी तरी कोणाला तरी मारायचे आणि गोष्ट तेथेच संपायची.

(दीक्षेनंतर अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, यवतमाळ जिल्हा मध्यप्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. त्यावर आजीचे मत: "धरम बदलाले नागपूरलोक जा लागलं. राज्य घरबसल्या बदललं.")

२००६ साली धम्मक्रांतीला पन्नास वर्षे झाली. आम्ही तेव्हा सत्तावीस वर्षांचे, नवी नोकरी, मंडळाचे सचिव. दीक्षेच्या साक्षीदारांचा सत्कार करायचा ठराव आम्हीच मांडला आणि साक्षीदार म्हणून घरचीच आजी! तिच्यासाठी आम्ही दीड पानाचे भाषण लिहिले. 'सामाजिक क्रांतीचा जाज्वल्य वारसा', 'अंधारयुगाचा अस्त' वगैरे. पाच रात्री तिच्याकडून पाठ करून घेतले. 'जाज्वल्य' तिच्या तोंडून 'जाजवल' असेच निघे, तेवढे आम्ही सोडून दिले.

कार्यक्रमाला यवतमाळहून एक विद्वान प्राध्यापक पाहुणे होते. आजी माईकसमोर उभी राहिली, "जयभीम" म्हणाली, आमच्याकडे एकदा पाहिले आणि सरळ धोतरावर आली. सभा हसायला लागली. मागे बसलेल्या बाया उठून पुढे सरकल्या. प्राध्यापक चष्मा काढून डोळे पुसत होते. आम्हाला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले. क्रांतीचा सुवर्णमहोत्सव आणि येथे धोतर! "म्या एका हातानं..." एवढे झाल्याबरोबर आम्ही दुसरा माईक हिसकला आणि जोरात घोषणा दिली. बाबासाहेबांच्या नावाची घोषणा, तिला कोण नाही म्हणणार? सभेने प्रतिसाद दिला. आजीनेही दिला, सगळ्यांत मोठ्याने. मग ती म्हणाली, "अजून होऊ दे की, पुढं..." पण तोवर आम्ही हार घालून तिला खुर्चीवर बसवले होते.

घरी आल्यावर आम्ही चिडून विचारले, "कागदावरचं का बोलली नाहीस?"

"तुया कागदात मी कुठी होती?"

आठ दिवस आम्ही तिच्याशी बोललो नाही. ती वेळेवर भाकर वाढायची. मात्र त्या आठ दिवसांत ठेच्यात मिरच्या दुप्पट पडत होत्या, हे आम्ही शपथेवर सांगू शकतो. पुढे बोलणे सुरू झाले, दरवर्षी आम्ही तिला नागपूरला नेऊ लागलो. तेथे ती गर्दीत थांबून म्हाताऱ्या बायांच्या तोंडाकडे बघत बसायची. आम्ही घाईला यायचो, गाडी सुटेल म्हणून ओढायचो. 'पुढं' काय होते, हे आम्ही आठ वर्षांत विचारले नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक, चळवळीतल्या स्त्रियांना भेटून त्यांच्या आठवणी गोळा केलेले, १९८९ साली निघाले. ते आम्ही वाचलेले होते. त्यावर दोन ठिकाणी भाषणही ठोकले होते.

२०१४ मध्ये आजीच्या पुण्यानुमोदनाला वस्तीतल्या बाया आठवणी सांगत बसल्या होत्या. कोणीतरी धोतराची गोष्ट काढली. आम्ही म्हणालो, "हो, एका हाताने दीक्षा!" तर शेजारची बाई, तीच कुंपणापलीकडची, विंचवांची धनीण, आमच्याकडे बघत राहिली. "एका हातानं? तुले पुढचं मालूम नाई?"

पुढचे असे. आजीच्या मागे एक चाळिशीची बाई उभी होती. बोलण्यावरून भंडाऱ्याकडची वाटली. तिने आजीची फजिती पाहिली, मागून हात घालून निऱ्या सारख्या केल्या आणि आपल्या चोळीची पिन काढून त्यांना लावली. म्हणाली, "आता दोन्ही हात जोड पोरी." शेवटच्या काही प्रतिज्ञा आजीने दोन्ही हात जोडून म्हटल्या. सगळे झाल्यावर आजीने पाहिले, तर त्या बाईचे लुगडे नवे नव्हते. धुवून धुवून विरलेले पांढरे. आजीला सासूचे बोलणे आठवले आणि ती गप्प झाली. ती बाई हसून म्हणाली, "वीस वर्सं झाली, म्या एकटीच पांढरं नेसतो. आज पाय, साऱ्यानं नेसलं." तेवढ्यात गर्दीचा लोट आला. पिन परत करायची राहिली आणि नाव विचारायचेही राहिले.

वस्तीतल्या सगळ्या बायांना हे माहीत होते. आमच्या मातोश्रींना माहीत होते. आमच्या आयुष्मतींना तर लग्न होऊन आल्या त्याच वर्षी आजीने निंदणाला गेल्यावर सांगितले होते. आम्ही त्यांना म्हणालो, "मग मला का नाही सांगितलं?" त्या म्हणाल्या, "तुम्ही मध्येच घोषणा दिली असती."

बांगडीतली पिन तीच होती का? कोण जाणे! एवढ्या वर्षांत पिन किती गंजते, हे आम्ही कॉमर्सवाले काय सांगणार. आजी गेल्यावर ती आमच्या आयुष्मतींच्या बांगडीत आली. परवा कन्येच्या दप्तराचा पट्टा तुटला म्हणून आम्ही ती मागून पाहिली. मिळाली नाही. दप्तर सुतळीने बांधून शाळेत गेले.